मिठात पुरलेली सांबरीण

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, आजऱ्यापुढच्या एका गावात उसाच्या कडेला एक सांबरीण मेली. मला ते कळलं तेव्हा तिला पुरून चार दिवस झाले होते.

मी कोल्हापुरात राहते आणि रानातल्या हरणांच्या मेंदूच्या एका रोगावर काम करते. प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन हा रोग पसरवतं. ते उकळून नष्ट होत नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतं. भारतातल्या हरणांत हा रोग अजून नोंदलेला नाही. मेलेल्या हरणाच्या मेंदूच्या देठाचा तुकडा काढून तो तपासायचा, हे माझं काम. तुकडा ताजा लागतो.

तिची खबर देणारा फोन वनरक्षकाचा होता. तो इतके दिवस वणव्याच्या कामावर होता. शेत पन्नाशीच्या एका बाईंचं. गाव त्यांना अक्का म्हणतं. सांबरीण आठवडाभर त्यांच्या विहिरीजवळ उभी असायची. खंगलेली, लाळ गळणारी, माणसाला न घाबरणारी. मेल्यावर अक्कांनी आणि त्यांच्या दिरांनी बांधावर खड्डा काढला, तिच्या कपाळाला विभूती लावली आणि पोतंभर मीठ घालून तिला पुरलं. त्यांच्या घरात बैल गेला की असंच करतात.

वनखात्याच्या परवानगीने आम्ही खड्डा उकरला.

"दारात येऊन जीव सोडला तिनं," अक्का म्हणाल्या. "कुत्र्यास्नी टाकायची व्हय?"

"आन मीठ घातलंय की," दीर म्हणाले. "लोणचं झालं असंल. रोग कुठला ऱ्हातोय त्यात!"

मिठाने या रोगाचं काही होत नाही, हे मी सांगितलं. कवटी उघडली. मेंदूची पेज झाली होती. हाती आलं तेवढं डबीत भरलं. बाकीचं त्याच खड्ड्यात परत गेलं. ते उचलून नेण्याची सोय नव्हती.

अक्कांच्या दोन म्हशी त्याच बांधावर चरत.

"म्हशी सोडू का नको, तेवढं सांगा बाई."

"म्हशींना हा रोग लागल्याचं अजून कुठं दिसलेलं नाही."

"दिसलं न्हाय म्हंजे लागत न्हाय, असंच की?"

"तसं म्हणता येत नाही."

"मग काय म्हंता येतंय ओ तुमास्नी?"

"वैनी, पावण्यास्नी च्या तरी दे," दीर म्हणाले. "मग भांड."

अहवाल पावसाळ्यात आला. रोग आढळला नाही. नमुना कुजलेला असल्याने निष्कर्ष काढता येत नाही. कुजलेल्या नमुन्यात रोग सापडला असता, तर तो खरा धरता आला असता. न सापडण्याला अर्थ नव्हता. बांधावरची माती कुठे तपासून मिळेल का, हे मी तीन ठिकाणी विचारलं. तिन्हीकडून नकार आला.

मी अक्कांना फोन करून अहवाल वाचून दाखवला.

"तुमच्या म्हशी असत्या तर सोडल्या असत्या काय?"

मी नाही म्हणाले.

"मग झालं की," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या जानेवारीत दुसऱ्या कामासाठी त्या गावात जाणं झालं. बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या फांद्या आडव्या लावल्या होत्या. पलीकडे गवत कमरेएवढं वाढून वाळलं होतं. गोठ्यात एक म्हैस होती. वैरण पुरेना म्हणून दुसरी दिवाळीआधी विकली, असं दिरांनी सांगितलं.