ताईच्या बसण्याचं माप

शनिवारी दुपारी गल्लीच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावलं की आधी दोन पाय दिसत. बाकीचा माणूस जीपखाली. ते पाय फिटरचे, हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नसे. आठवडाभर तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, आणि आठवडा संपला की या जीपच्या पोटाखाली. पंपघरात नोकरीला लागला तेव्हा लोक त्याला फिटर म्हणायला लागले, ते कायमचंच. बायकोसुद्धा रागात असली की "अहो फिटर" म्हणायची. राग नसतानाही म्हणायची, पण तेव्हा सूर वेगळा असायचा.

जीप मुळात त्याची नव्हे. कागदावर ती आरोग्य खात्याची होती आणि खरं विचाराल तर त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई लस टोचणारी नर्स. तिचा भाग डोंगरावरच्या शेवटच्या वस्तीपर्यंतचा, रस्ता सगळा कच्चा. खात्याने जीप दिली आणि ड्रायव्हर द्यायचं राहून गेलं. आज देतो, उद्या देतो. ताईने वाट पाहून पाहून एक दिवस स्वतःच स्टिअरिंग हातात घेतलं. मागे लशींची पेटी आणि पुढे ताई, अशी तिची सगळी नोकरी झाली. ती निवृत्त झाली त्या दिवशीही ड्रायव्हरची जागा भरायची बाकीच होती. खात्याला त्याची लाज वाटली असेल असं समजायचं काही कारण नाही.

पुढे जीप भंगारात निघाली. फिटरने ती उचलून आणली आणि शेडखाली लावली. तिची दशा अशी की पत्र्याला बोट लावलं तर बोट आरपार जाईल.

आणि त्याच सुमाराला ताई ओल्या फरशीवरून घसरली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण गुडघा पहिल्यासारखा वाकेना. ती फिटरच्याच घरी पुढच्या खोलीत राहायची. घरातून दवाखाना आणि दवाखान्यातून घर, एवढंच तिचं फिरणं उरलं. वरच्या वस्तीतल्या बायका निरोप पाठवायच्या, ताई, एकदा येऊन जा. कुणीतरी गाडीत घालून न्यायला तयार असायचं. ताई नाही म्हणायची.

"मला पोत्यासारखं उचलून कुठे न्यायचं नाही," तिने फिटरला स्पष्ट सांगितलं होतं. "माझी मी चढेन, माझी मी चालवीन, तर जाईन. नाहीतर बसलेय ती बरी आहे."

फिटरने ते मनावर घेतलं. बोलून दाखवायचा त्याचा स्वभाव नाही. त्याने जीपला हात घातला.

कामाची त्याची एक रीत होती. मोजल्याशिवाय काही कापायचं नाही, आणि मोजलेलं सगळं खडूने शेडच्या भिंतीवर लिहायचं. भिंत आकड्यांनी भरून गेली होती. सडलेला पत्रा कापून नवा लावला. ब्रेक उघडले, नळ्या बदलल्या. गंजून बसलेले बोल्ट तेल पाजून आठवडाभर तसेच ठेवायचे आणि पुढच्या शनिवारी अलगद सोडवायचे, ही त्याची खास हौस. घाईने बोल्ट मोडणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत फार वाईट होतं.

जोडीला समोरचा वेल्डर. मिशी मोठी आणि तोंड त्याहून मोठं. पोलादाला पोलाद असं जोडायचा की सांधा शोधावा लागे, पण सल्ला फुकट वाटायचा.

"फिटर, हे डबडं वर उचल," तो म्हणाला. "डोंगराच्या रस्त्याला पोट घासतं याचं. स्प्रिंगला जास्तीचे पाटे टाकू, पाटे टांगायच्या शॅकल लांब करू, मोठे टायर चढवू. मग बघ, दगडावरून हत्तीसारखी जाईल."

फिटरला पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? त्याने जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर मोजलं, भिंतीवर लिहिलं, आणि दोघांनी मिळून कित्येक रविवार त्यात घातले. जुने पाटे उतरवले, त्यांच्या टोकाचे रबरी बुश बदलले, नवे पाटे यू-बोल्टने आवळले. टायर चढले तेव्हा जीप अशी दिसायला लागली की रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत. फिटर स्वतः रोज एकदा तरी चढून सीटवर बसायचा, गियर टाकायचा, उतरायचा. क्लच हलका लागतो, ब्रेक नेमका धरतो, सगळं झकास. गालातल्या गालात हसायचा आणि फडक्याने बॉनेट पुसायचा.

मग एका रविवारी सकाळी त्याने ताईपुढे किल्ली धरली. "चल. तुझी गाडी तयार आहे."

ताईने साडीऐवजी सलवार-कुर्ता घातला होता, पायात जुने कॅनव्हासचे बूट. म्हणजे ती कधीची तयारीत होती. काठी टेकत ती शेडपर्यंत आली, जीपकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला फिटरने एवढे रविवार घातले होते. तिने काठी चाकाला टेकवून ठेवली. जीपकडे पाठ केली आणि मागे हात नेऊन सीट चाचपली.

सीट तिच्या पाठीच्या मध्यापर्यंत येत होती.

ती वळली. कडेचा पत्रा दोन्ही हातांनी धरून बघितला, उजव्या पायाने जोर लावून बघितला. डावा पाय कुठे घालायचा तेच कळेना.

"थांबा ताई, स्टूल आणतो," वेल्डर म्हणाला. "नाहीतर असं करू, मी इकडून धरतो, फिटर तू तिकडून."

ताईने काठी उचलली आणि किल्ली टायरवर ठेवली.

"छान केली आहेस रे," ती फिटरला म्हणाली. "कुणाला तरी उपयोगी पडेल." आणि ती घरात गेली. दार आपटलं नाही, काही नाही. आपटलं असतं तर फिटरला बरं वाटलं असतं.

जेवण झाल्यावर फिटर शिलाई मशीनच्या खोलीत जाऊन बसला. बायको शिवणकाम करायची. आसपासच्या बायकांचे कपडे तिच्याकडे येत. ती कुणाचा तरी ब्लाउज उसवत होती.

"दोन दांडके वेल्ड करून पायरी लावतो," तो म्हणाला. "प्रश्नच मिटला."

"कुणाच्या मापाची पायरी?"

"म्हणजे?"

"अहो फिटर, त्या भिंतीवर सगळ्या जगाची मापं लिहिलीत. टायरचं आहे, पाट्याचं आहे, दगडाचंसुद्धा असेल. ताईंचं कुठे आहे?"

"ताईचं काय माप घ्यायचं? माणूस आहे ती."

बायकोने कात्री खाली ठेवली. "माझ्याकडे बाई आली की मी आधी तिचं माप घेते, मग कापडाला हात लावते. तुम्ही कापड शिवून मोकळे झालात आणि आता बाईला म्हणताय, जरा अंग चोर."

फिटर चिडला. "एवढे रविवार मी मेलो तिच्यासाठी, ते कुणाला दिसत नाही."

"दिसतं. त्यांनाही दिसतं. म्हणूनच काही बोलल्या नाहीत."

तो उठून शेडमध्ये गेला आणि भिंतीपुढे उभा राहिला.

असं काम कुठे बघितलं नाही असं कुणी म्हणू नये. गावोगाव दवाखान्यांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधतात आणि वरच्या टोकाला एक पायरी ठेवतात. उतार झाला, फीत कापली, फोटो निघाला. खुर्चीत बसणाऱ्याला एकदा बोलावून चढवून बघावं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. फिटर फीत कापणाऱ्यांतला नव्हता, त्याचा जीव ताईत होता. पण ज्याच्यासाठी करायचं त्याला सोडून बाकी सगळं मोजायचं, ही चूक जीव लावणाऱ्यांच्या हातूनही होते, आणि तिथे ती जास्त लागते.

संध्याकाळी तो ताईच्या खोलीत गेला. बायको टेप गळ्यात टाकून मागोमाग.

"ताई, तू गाडीत कशी चढतेस?"

"आता हे विचारतोस?"

"आता विचारतोय."

ताई पलंगावरून उठली, पलंगाकडे पाठ करून उभी राहिली, आधी टेकली, आणि मग अर्धी वळून दोन्ही पाय वर घेतले. डावा जवळजवळ सरळच.

"आधी बसायचं, मग पाय आत. खुर्चीत तेच, रिक्षात तेच. ऑपरेशन झाल्यापासून तेच करतेय मी, तुझ्या डोळ्यांसमोर. पाय आधी टाकायचाच नसतो, तर स्टूल काय नि पायरी काय, घेऊन मी काय करू?"

एका घरात राहून फिटरला हे दिसलं नव्हतं. पंपाचा आवाज जरा बदलला तर झोपेत कळायचं त्याला.

"उभ्या राहा ताई," बायको म्हणाली आणि टेप सोडली. जमिनीपासून बसायच्या जागेपर्यंत. बसल्यावर पाठीपासून टाचेपर्यंत, डावा पाय जेवढा वाकतो तेवढाच वाकवून. हात पुढे केला की मूठ कुठे येते ते.

"पोट सोडून दे, शिलाईवाली," ताई म्हणाली. "ते गाडीला लागत नाही."

"लागतं ताई. स्टिअरिंगला लागतं."

त्या घरात कितीतरी दिवसांनी तिघं एकदम हसली.

पुढच्या शनिवारी फिटरने भिंतीचा एक भाग ओल्या फडक्याने पुसला आणि तिथे ताईची मापं लिहिली. वेल्डर ते वाचून हबकला.

"म्हणजे सगळं उतरवायचं? एवढी मेहनत? पोट घासेल रे तिथे."

"घासू दे."

"लोक हसतील. एवढी उभी केली आणि परत बसवली."

"लोकांना चढायचं नाही त्यात," फिटर म्हणाला. "तू पाना धर."

वेल्डरने तोंड वाकडं केलं आणि पाना धरला. जास्तीचे पाटे निघाले, मोठे टायर निघाले. तेवढ्याने भागेना, म्हणून सीटखालची चौकट कापून खाली घेतली. कापायच्या आधी ताईला बाहेर बोलावून फळीवर टेकायला लावलं. अजून बोटभर, ती म्हणाली. अजून बोटभर उतरली. सीट मागे सरकवली, क्लचच्या पेडलवर लाकडी ठोकळा बसवला, म्हणजे गुडघा न दुमडता पाय पोचेल. काचेच्या चौकटीला वेल्डरने आडवी दांडी जोडली, बरोबर ताईच्या मुठीच्या जागी. बायकोने सीटला गुळगुळीत रेक्झिन शिवलं, बसल्या बसल्या वळता येईल असं, आणि कडेच्या धारदार पत्र्यावर त्याचाच जाड गोट चढवला. ताई शेडमध्ये खुर्ची टाकून बसायला लागली. आधी नुसती बघायची. मग बोलायला लागली. मग इतकं बोलायला लागली की वेल्डर म्हणाला, "ताई, तुमचं खातं सुखी, त्याला तुमचं ऐकावं तरी लागत नव्हतं."

ठरलेल्या दिवशी तिने काठी मागच्या बाजूला आत टाकली. जीपकडे पाठ केली, मागे हात नेला. टेकली. दांडी धरली, वळली, आणि पाय आत आले. आधी उजवा, मग सरळसोट डावा. कुणाचाही हात पुढे झाला नव्हता. फिटरने आपले हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.

"बसा," ती म्हणाली. "आणि कुणी मला शिकवायचं नाही."

फिटर तिच्या शेजारी बसला, बाकीचे मागे. गल्ली संपली, डांबर संपलं, कच्चा रस्ता लागला. जीप खडखडत होती, पण गियर लोण्यासारखे पडत होते. ओढ्याच्या अलीकडे चढावर एक मोठा दगड आला, रस्त्याच्या मधोमध, ताईच्या नोकरीच्या काळापासूनचा. फिटरने श्वास रोखला. ताईने गाडी जराशी डावीकडे घेतली आणि जीपचं पोट दगडावरून खर्रकन घासत गेलं. तो आवाज फिटरच्या दातांत गेला. पाठीमागून वेल्डर पुटपुटला, "सांगत होतो."

ताईने गाडी थांबवली. मागे बघितलं नाही. हळूच रिव्हर्स घेऊन खाली आली.

"विसरले होते," ती स्वतःशीच म्हणाली. "याला चुकवायचं नसतं."

या वेळी तिने उजवं चाक नेमकं दगडावरच घातलं. जीप एका बाजूने उचलली गेली, पोट दगडापासून सुटलं, कलली, आणि पलीकडे अलगद उतरली. काही घासलं नाही.

फिटरने वळून त्या दगडाकडे बघितलं. वेल्डरनेही, आणि मग मिशीवरून हात फिरवला.

वर वस्तीची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा ताईने हॉर्न दाबला. तो आजारी कोकरासारखा वाजला.

"पुढच्या शनिवारी एवढा बघ," ती म्हणाली.

"बघतो," फिटर म्हणाला. "कसा आवाज हवा?"

"विचारलंस ते बरं केलंस," ताई म्हणाली, आणि दारातून बाहेर येणाऱ्या बायकांना बघून तिने गियर खाली टाकला.