किल्ल्यावर नेलेला नारळ

नांदेडला गोदावरीच्या काठी जुना किल्ला आहे आणि किल्ल्यात बाग आहे. लोक तिथं हवा खायला जातात. मी गेली काही वर्षं धाकट्या भावासाठी मुली पाहायला जाते.

घरी पोह्यांचा घाट घालायचा आणि नकार घेऊन शेजाऱ्यांसमोर तोंड पाडायचं, त्यापेक्षा बाग बरी. नाही जमलं तर दोन्हीकडचे लोक 'फिरायला आलो होतो' म्हणून मोकळे. ही अक्कल माझीच. भाऊ धर्माबादकडं गावी शेती करतो. जमीन आहे, बोअरला पाणी आहे, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. वय मात्र चाळिशीला टेकलं आणि कानावरचे केस पांढरे झाले. या वेळी ते मीच काळे केले, तर थोडा रंग कपाळालाही लागला. घासून घासून निघेना.

दर वेळी माझ्या पिशवीत एक साडी आणि एक नारळ असतो. जमलं तर जागच्या जागी मुलीला कुंकू लावून ओटी भरायची. ओटीसाठी काढलेला नारळ घरात फोडायचा नाही, जमेपर्यंत तोच न्यायचा, असं आईनं निक्षून सांगितलंय. त्यामुळं किल्ला आता त्या नारळालाही पाठ झाला असेल.

या खेपेची मुलगी देगलूरकडची होती. सोबत तिची आई. भावाला आणि मुलीला बोलायला बुरजाकडं पाठवलं आणि आम्ही दोघी काळ्या दगडी तटाला टेकून बसलो. खाली नदी जलपर्णीनं हिरवी झाली होती, वास येत होता. पलीकडं एक जोडपं गालाला गाल लावून फोटो काढत होतं. मला त्यांचा उगाच राग आला.

मी भावाचं गुणगान लावलं. मुलीच्या आईनं सगळं निवांत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचे मालक काय करत्यात?"

"जिल्हा परिषदेत आहेत."

"मंग," ती एवढंच म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मुलगी परत आली ती सरळ माझ्यापाशी. "ताई, तुमचे भाऊ लई चांगले हायत. पर मी शेतात न्हाई राहणार. माझ्या आईचे हात बघा एकदा."

आईनं हात पदराखाली घेतले. मला भांडायचं होतं, पण कुणाशी भांडायचं तेच कळेना. मुलगी माझ्या पाया पडली आणि दोघी गेल्या.

भाऊ गुलाबाच्या वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. मला पाहून म्हणाला, "हे लोक पाणी लई देऊन राहिले. मुळं सडतील."

"उदगीरचं एक स्थळ आहे," मी म्हणाले. "पुढच्या महिन्यात बोलावू."

माझ्या पिशवीतला नारळ काढून त्यानं कानाशी हलवला, पुन्हा हलवला.

"पाणी वाजत न्हाई, ताई. वाळला. फोडून टाक आता, कालवणात घाल."

रडला असता, चिडला असता, तर मी समजूत घातली असती. तो भाव विचारून पुढं निघालेल्या गिऱ्हाइकासारखा शांत होता. संध्याकाळच्या गाडीनं गावी गेला. जाताना कपाळावरचा तो काळा डाग तसाच होता.

घरी येऊन मी नारळ फोडला. आत खोबऱ्याचा गोटा झाला होता, वास मात्र चांगला होता. कांद्याबरोबर भाजून वाटला आणि वाटण कढईत टाकलं, तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला.

"लावलं का कुंकू?"

"न्हाई, आई."

ती म्हणाली, "आसू दे. नारळ जपून ठिव. पुढल्या खेपेला लागंल."

वाटणाला तेल सुटायला लागलं होतं. मी गॅस बारीक केला.

"हाव," मी म्हणाले.