दोन गाठींचं सूत

माझ्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. अमावास्या कधी असते, तेही मला माहीत नसतं. वय एकोणपन्नास, सोलापुरात बावीस वर्षं कॅमेरा चालवतोय आणि प्रत्येक कामाची यादी करून त्यावर टिक करतो. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या वर्षी पूर्व भागातला सूत रंगवायचा एक छोटा कारखाना बंद होणार होता. तिथले रंगारी नरसय्याकाका. त्यांची मुलगी पद्मा म्हणाली, "दादा, बाबांचं काम एकदा शूट करून ठेवा."

केलं. त्या दिवशीच्या यादीत 'पांढरा कागद' या ओळीवर मी घरूनच टिक करून निघालो होतो... कागद मात्र बॅगेतच राहिला. पांढरं म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला दाखवलंच नाही आणि ट्यूबलाइटखाली काकांचा लाल विटकरी झाला.

लॅपटॉपवर बघून काका म्हणाले, "हे कुणाचं सूत हाय? माझं न्हाय."

"काका, कॅमेऱ्यात थोडं असं दिसतं."

"मग त्याला चष्मा लाव की!"

पद्मा हसली. काकांनी लाल सुताचा वीतभर तुकडा घेतला, ओल्या बोटांनी दोन गाठी मारल्या आणि माझ्या हातात ठेवला. त्यांच्या कारखान्याची पद्धतच होती ती — एक गाठ म्हणजे रंग पास, दोन गाठी म्हणजे परत भांड्यात.

मी तेव्हा ऑनलाइन कलर ग्रेडिंग, म्हणजे शूट झाल्यावर रंग दुरुस्त करणं, शिकत होतो. म्हणालो, "कोर्स संपला की करतो काका. पंधरा दिवस."

"लई घाई न्हाय. पण कर."

सूत पाकिटात, पाकीट ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या खिशात. यादीत दोन ओळी लिहिल्या: लाल दुरुस्त करणे. काकांना दाखवणे.

बाराव्या दिवशी काका गेले. हार्ट अटॅक.

पुढचा महिनाभर मी एकाच शॉटवर बसलो. काका सुताची ओली लड पिळून दारातल्या उजेडात धरतात, एवढाच शॉट. लाल जमला की काकांचा चेहरा तापल्यासारखा दिसायचा. चेहरा जमला की लाल मरायचा. शेवटी चेहरा वेगळा आणि सूत वेगळं धरून रंग लावायला शिकलो. एका मंगळवारी सकाळी पद्माला बोलावलं.

ती बघत राहिली. मग ओढणी तोंडाला लावून म्हणाली, "हाच की. हाच हातांना लागलेला असायचा... जेवताना पण."

सूत तिला द्यावं म्हणून मी कुलूप काढलं. पाकीट बंद होतं. आतल्या सुतावर एकच गाठ होती.

"तुम्ही सोडली?"

"नाही गं."

ओल्या बोटांनी आवळलेली गाठ सोडायला गेलो असतो तर सूतच तुटलं असतं. दुसरीच्या जागी साधी मुरडही नव्हती. दोन गाठींचा फोटो मात्र फोनमध्ये आहे, कारण मी सगळ्याचेच फोटो काढून ठेवतो. काय काय झालं असेल ते लिहून काढलं. चार शक्यता. चारही खोडल्या.

पद्मा म्हणाली, "पास झालात दादा," आणि रडायला लागली.

तो शॉट आता मला एका सकाळीत जमतो. तेव्हाच रोज थोडं थोडं बसलो असतो तर... असो.

यादीची वही अजून टेबलावर आहे. पहिल्या ओळीवर टिक केली. 'काकांना दाखवणे' या दुसरीवर करावी का, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.