नुसतं पाणी सुटलं

"खाल्लं नाही न वो वहिनी, नुसतं पाणी सुटलं." मिशीला लागलेला पाक जिभेने टिपत शेजारचे भाऊजी हे सांगत. मुलांनो, चेरीताल मोहल्ल्यात त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत. भाऊजींच्या रक्तात साखर आणि जीव खव्याच्या जिलेबीत.

उष्ट्याचं मात्र त्यांना फार वावडं. पेला कधी ओठाला लावला नाही. वरून धार धरत, अर्धं पाणी सदऱ्यावर.

बायको गेल्यावर ते एकटेच राहत. बंगळूरला असलेली त्यांची मुलगी लाळेतली साखर मोजणाऱ्या यंत्रावर काम करते. तिने त्यांच्या दाढांवर बसेल अशी एक पारदर्शक पट्टी आणली. साखरेचा आकडा थेट तिच्या फोनवर.

"दिवाळीपर्यंत साखर आटोक्यात राहिली तर इथे राहा. नाहीतर माझ्याकडे यायचं," तिने बजावलं.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. भाऊजी तो स्पीकरवर लावत, त्यामुळे मलाही ऐकू येई.

"बाबा, काय खाल्लं?"

"खाल्लं नाही बेटा, नुसतं पाणी सुटलं."

"त्याच पाण्यातली साखर मोजतं ते, बाबा!"

थोड्या वेळाने भाऊजी वाटीत पट्टी घेऊन माझ्या दारात.

"वहिनी, तुम्हाला साखर नाही. आजच्या दिवस तुम्ही घालता का? गरम पाण्यात धुऊन आणली."

"तुमच्या तोंडातली? भाऊजी, अहो, उष्टं!"

"काहून चिडता? मशीनला कायचं उष्टं!"

मी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. तो त्यांनी निमूटपणे प्यायला, तोही वरूनच. मग हळूच म्हणाले, "तिथं बंगळूरला भिंतीपलीकडे कोण राहते, मला काय माहीत वो?"

त्यानंतर त्यांनी मनापासून प्रयत्न केला. हलवायाचं दुकान टाळायला नेपियर टाउनच्या दवाखान्यात लांबच्या रस्त्याने जात. पण दिवाळीत घरोघरची ताटं दारात आली आणि भाऊजी हरले. मुलगी येऊन घेऊन गेली.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. पाहुण्यांसाठी मी जिलेबी मागवली होती.

"दाखवा न वो जरा."

मी बशी फोनसमोर धरली. भाऊजी बघत राहिले. आवंढा गिळला. मागून मुलीचा आवाज आला, "बाबा, तोंडात काय आहे?"

"खाल्लं नाही, नुसतं पाणी सुटलं!"

बशी तशीच धरून मी इकडून ओरडले, "आज खरं सांगताहेत गं! मी साक्षीला आहे!"