चढावर बोलत राहायचं: वाशीम जिल्ह्याची सायकल-फेरी

आमच्या घरात बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, सत्तावीस वर्षांत जेवढं बोलले असतील तेवढं मी एका हळदीकुंकवात बोलते. अशा माणसाला डॉक्टरांनी अट घातली की सायकल खुशाल चालवा, पण चढावर बोलत राहा. धाप लागून वाक्य तुटलं की उतरायचं.

गेल्या वर्षी यांच्या हृदयात स्टेंट बसवला. तेव्हापासून हे सायकलवर शेतात निघाले की मी स्कूटीवर मागे. बैलगाडीच्या वेगाने स्कूटी चालवणं काय असतं, ते एकदा करून पाहा. डिसेंबरातल्या एका सकाळी हे भर रस्त्यात थांबले आणि म्हणाले, आता पुरे. मग आमचा करार झाला. वाशीमहून रिसोड, मालेगाव, मेडशी, कारंजा, मंगरूळपीर आणि परत वाशीम, अशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची फेरी तीन दिवसांत दोघांनी सायकलवर करायची. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं. फेरी नियमाने पुरी झाली तर मी मागे फिरणं बंद करणार. मध्येच एसटी धरावी लागली तर यांची सायकल कायमची अडगळीत. ती अट माझी होती आणि खरं सांगते, मला ती जिंकायची होती.

पहिला दिवस सोपा म्हणता येईल. रिठदला एका शेताच्या कडेला नवरा-बायको बाजारासाठी गाजरं धूत होते. पुढचा रस्ता कसा आहे, असं विचारलं तर बाईंनी सपाट असल्याचं छातीठोक सांगितलं आणि हातात चार गाजरं ठेवली. पुढे चांगलेच चढ निघाले. मग लक्षात आलं की त्या ऑटोत बसून जातात. तेव्हा रस्त्याची चौकशी फक्त सायकलवाल्याकडे करा, ही या लेखातली सर्वांत उपयोगी सूचना. पहिल्या चढावर यांनी सतराचा पाढा म्हटला, दुसऱ्यावर एकोणीसचा, तिसऱ्यावर वाशीम ते अकोला एसटीचे सगळे थांबे क्रमाने. एकही वाक्य तुटलं नाही. रिसोडला तर्री-पोहे खाल्ले आणि संध्याकाळच्या आत मालेगाव गाठलं. माझ्या मांड्या भरून आल्या होत्या, हे मात्र ताजेतवाने.

दुसऱ्या दिवशी मालेगावहून मेडशीकडे सकाळच्या गारठ्यात निघालो. मेडशीच्या एसटी थांब्याजवळ गरम आलूबोंडे आणि चहा झाला, दोघांचं साठ रुपयांत भागलं. शेलूबाजारकडे जायला आतला रस्ता मुद्दाम निवडला, कारण खरी परीक्षा तिथेच होती. दोन टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यातून रस्ता वर वर जातो. खाली कापणीला आलेली तूर, वर साग आणि पळस. डांबर मधूनमधून गायब, उरलेली गिट्टी टायरखालून निसटते. बाभळीचे काटे आहेतच, जास्तीच्या दोन ट्यूब तरी जवळ ठेवा.

चढ सुरू झाला तसे हे तेवीसच्या पाढ्यावर आले. पाढा अडला, धापेने की विसरल्याने ते कळेना. मी मागून ओरडले, बोला. तेही ओरडले, बोलतोच तर आहे. एवढ्यात डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक म्हातारी आमच्या बाजूला आली. आम्ही गिअरच्या सायकलवर आणि ती अनवाणी, तरी चाल एकच. तिचं नाव कौतिकाबाई. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, म्हशीची वैरण तिच्यावर होती.

"काहून भांडून राह्यले व बाई रस्त्यानं?" तिने विचारलं.

मी धापा टाकत स्टेंट, डॉक्टर आणि अट असं सगळं सांगितलं. तिला पाढ्यांची कल्पना अजिबात पटली नाही. "पाढे कायले म्हनता? मी इचारतो, तुमी सांगा," ती यांना म्हणाली आणि खरोखरच सुरू झाली. लेकरं किती, वावर किती, तूर कशी झाली. हे एकेकाचं उत्तर देत पायडल मारत होते. मग तिने सहज विचारलं, दवाखान्यात भेव वाटलं का?

"तिथं नाही वाटलं," हे म्हणाले. "घरी आल्यावर वाटलं."

"काहून?"

"ही दिवसातून दहा बखत इचारे, बरं वाटते ना. मले बरंच वाटे. पन हिचं तोंड पाहून वाटे का डॉक्टरनं हिले काही सांगतलं, अन् ही माह्यापासून लपवून राह्यली."

माझा पाय जमिनीला टेकला. हे थांबले नाहीत, आणि कौतिकाबाईही त्यांच्या बरोबरीने चालत राहिली. वर्षभर मी ज्याला काळजी समजत होते, ती या माणसाने रोज दहा वेळा स्वतःच्या मरणाची बातमी म्हणून ऐकली होती. मला रडू आलं. सायकल ढकलत मी राहिलेला चढ अक्षरशः धावत चढले.

वर हे सायकलला टेकून उभे होते. मी म्हटलं, "काही नाही लपवलं. डॉक्टरनं जे सांगतलं ते तुमच्यासमोरच सांगतलं. भेव माह्यं होतं."

यांनी माझ्या हातातली सायकल धरली. "मंग तसं सांगाचं ना," एवढंच म्हणाले.

कौतिकाबाईने चहाला घरी बोलावलं, पण कारंजा अजून लांब होतं. तिने भारा सावरला आणि पाऊलवाटेने निघून गेली. पुढचा उतार आम्ही दोघांनी ब्रेक न लावता घेतला, जे तुम्ही करू नका.

कारंज्याला साध्या लॉजवर मुक्काम केला. सकाळी जुन्या जैन मंदिरांतलं लाकडी कोरीवकाम पाहिलं आणि कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत मंगरूळपीरचा रस्ता धरला. त्या दिवशी हे सपाटीवरही चार-दोन वाक्यं बोलले. चहाच्या वेळेला घरासमोर उतरलो. करार ते जिंकले होते.

ही फेरी जमेल का, असं मैत्रिणी विचारतात. रोज तीस-चाळीस किलोमीटरचा सराव असेल तर नक्की जमेल, हिवाळ्यातच करा. माझे पाय चार दिवसांत बरे झाले.

सोमवारी सकाळी हे एकटे शेतात निघाले. तो नेहमीचा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, तो गिळला आणि येताना मेथी आणायला सांगितलं. स्कूटीची किल्ली फ्रिजवर ठेवून मी तीन तास घरात नुसत्या येरझारा घातल्या. दीड वाजता हे आले, हात हलवत. मेथी विसरले होते. मी यांना इतकं फैलावर घेतलं की शेजारीण गच्चीवर आली. वर्षभरात काळजीपोटी नाही, तर साध्या रागाने मी त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडले होते. हे जिन्यात उभे राहून हसत होते.