कडू बिअरची तिसरी बाटली

ती दुपार अजूनही माझ्या डोक्यातून जात नाही. नोकरीत मी खुनाचे बरेच गुन्हे हाताळले, पण त्या प्रकरणात शेवटी खूनही नव्हता आणि खुनी तर नव्हताच. तरी त्या दिवशी जी धाकधूक झाली, तशी आधी-नंतर कधी झाली नाही.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एप्रिलचा महिना, उन्हाचा तडाखा. ठाणे अंमलदाराने केबिनमध्ये येऊन सांगितले की खासगी दवाखान्यातून वर्दी आली आहे: पस्तिशीचा इसम, तोंड आणि अन्ननलिका आतून भाजलेली, काहीतरी दाहक प्यायलेला. त्याच्या मागोमाग एक माणूस आत शिरला. पांढरा शर्ट घामाने भिजलेला, डोळे लाल. तो रुग्णाचा थोरला भाऊ होता. पाचोडला शेती करायचा आणि त्या दिवशी कामानिमित्त शहरात आलेला होता.

"साहेब, माझ्या भावाला त्याच्या बायकोनंच पाजलं काहीतरी," तो उभ्यानेच म्हणाला. "मी घरी गेलो तर हा जमिनीवर तडफडतोय, अन् ही बया बाटली धूत व्हती. नवरा मरायला लागलाय अन् बाटली धुती! डोळ्यानं बघितलं मी."

आरोप करणारा नातेवाईक निम्मे पाहिलेले सांगतो आणि निम्मे मनातले, हा माझा अनुभव. पण बाटली धुण्याची गोष्ट मनातून रचून सांगण्यासारखी नव्हती. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली, ठाण्यातल्या एका महिला हवालदारांना बरोबर घेतले आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी 'जबाब देण्यास असमर्थ' असे लिहून दिले. रुग्णाला बोलता येत नव्हते. तो वाचेल, पण पुढचे काही तास काळजीचे आहेत, असे ते म्हणाले. "काय प्यायले ते नक्की कळलं तर बरं होईल. बाटली असेल तर आणा."

बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. शहरातल्या एका महाविद्यालयात ती अन्नतंत्रज्ञान शिकवायची. कॉटनची साडी, गळ्यात ओळखपत्र तसेच लटकलेले. मी नाव विचारले, तिने सांगितले. काय झाले विचारले तर एका दमात उत्तर आले.

"बेसिन साफ करायचं औषध बाटलीत काढून ठेवलं होतं. ते पाणी समजून प्यायले."

"बाटली कुठाय?"

"फेकली."

"धुऊन फेकली?"

तिने पदर सावरला. हात मांडीवर घट्ट धरलेले, नजर खाली. खोटे बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. ही मोजके बोलत होती आणि प्रत्येक उत्तराआधी दवाखान्याच्या दाराकडे बघत होती. भीती तिला होती, पण माझी नव्हती. कशाची, ते कळेना.

दीर मागे उभा राहून दात-ओठ खात होता. "साहेब, हिला आत घ्या. तवाच बोलंल."

त्याला शिपायाजवळ थांबवले आणि आम्ही तिला घेऊन घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी तिच्या घरी गेलो. दोन पंच शेजारच्या दुकानातून बोलावले. तळमजल्याचे साधे घर. स्वयंपाकघरातल्या फरशीवर ओले डाग, बेसिनच्या खाली लोखंडी रॅक. स्वयंपाकघरामागे एक छोटी खोली होती, तिला कुलूप.

"किल्ली?"

"माझ्याकडं नाही."

महिला हवालदारांनी तिच्या पर्सकडे नुसते पाहिले. तिने किल्ली काढून दिली.

दार उघडले आणि एक विलक्षण वास आला. कैरीचा, संत्र्याच्या सालीचा आणि मागून ओल्या गवताचा. आत स्टीलचे मोठे पातेले, प्लास्टिकच्या पारदर्शक नळ्या, झाकण लावलेली दोन पिंपे. एका पिंपाच्या झाकणातून बुडबुडे निघत होते. कोपऱ्यात जुना फ्रिज. एक पंच नाक उडवत म्हणाला, "हातभट्टी दिसते साहेब." पण हातभट्टीचा वास मला चांगला ठाऊक होता. हा तो नव्हता.

टेबलावर चंदेरी पाकिटात हिरव्या गोळ्या होत्या. महिला हवालदारांनी एक बोटांनी चुरगाळली, वास घेतला.

"काय हाय हो हे, ताई?"

तिने पाकिटावर हात ठेवला.

त्या वेळी माझ्यासमोर दोन रस्ते होते. ठाण्यावर नेऊन, समोर बसवून, तिला बोलती करायची. दीर म्हणत होता तसे. त्यात संध्याकाळ झाली असती. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिलाही बसायला सांगितले.

"ताई, हे मला कळत नाही. मी पीत नाही, त्यामुळं तर अजिबातच कळत नाही. तुम्ही हे बनवता कसं, तेवढं सांगा."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. मग हळूहळू बोलू लागली. ती बिअर होती. दोघे नवरा-बायको सुट्टीच्या दिवशी घरी बनवायचे. नवरा वाळूजच्या एका बिअरच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. कारखान्यात रोज तीच फिकी बिअर लाखो बाटल्यांत भरायची, याचा त्याला कंटाळा आला होता. त्या हिरव्या गोळ्या म्हणजे हॉप्स नावाच्या वेलीची वाळवलेली फुले. नेहमीच्या बिअरमध्ये चिमूटभर पडतात. हे दोघे ओंजळीने घालायचे. काही उकळताना, कडूपणासाठी. काही पिंप थंड झाल्यावर, वासासाठी. सातूला मोड आणून, वाळवून केलेला माल्टही दुप्पट, म्हणून ती कडकही व्हायची.

"पहिल्यांदा वास घ्यायचा," ती म्हणाली. "कैरी येते, पिकलेला पेरू येतो. मग घोट घेतला की कडुलिंबासारखी कडू लागते, पण तो कडूपणा जिभेच्या मागं राहतो आणि दुसरा घोट मागतो. मटणाच्या नान-खलियाबरोबर घेतली ना, तर तेलाची तर्री जिभेवरून धुतल्यासारखी जाते. पहिली पिंपं फसली आमची. ही जमली तेव्हा हे नुसते हसत बसले होते, लहान मुलासारखे."

बोलताना तिचा आवाज सैल झाला होता. दवाखान्यातली बाई आणि ही बाई वेगळीच वाटत होती.

"मग लपवलं कशाला?"

"परवाना नाही. त्यांच्या कारखान्याला कळलं तर नोकरी जाईल. माझीही जाईल. आणि सासरी..." तिने दवाखान्याच्या दिशेने बोट दाखवले. "भावजींना वाटतं, मी ह्यांना दारू शिकवली."

"बाटल्यांचं काय करता? धुता कशा?"

हा प्रश्न मी सहज विचारला होता.

"कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं. तळाला गाळ चिकटतो, तो नुसत्या पाण्यानं निघत नाही. रात्रभर भरून, झाकण लावून बेसिनखाली ठेवते. काल तीन बाटल्या ठेवल्या होत्या. सकाळी हे रात्रपाळीवरून आले, त्यांनी आवरून सगळ्या..."

ती थांबली. बेसिनखालच्या रिकाम्या रॅककडे पाहिले. बोटांवर मोजले.

"तीन होत्या," ती म्हणाली. "साहेब, तीन होत्या!"

उठून तिने फ्रिज उघडला. तपकिरी, तारेच्या कडीचे झाकण असलेल्या सारख्याच बाटल्यांची रांग. एकेक उचलून ती उजेडात धरू लागली. एक बाटली उघडली तर 'फस्स' आवाज आला नाही, फेस आला नाही. तिने एक थेंब बोटावर घेऊन चोळला आणि लगेच नळाखाली हात धरला. "साबणासारखं बुळबुळीत लागतंय. ही दुसरी."

"तिसरी?"

"दुपारी ह्यांचे मित्र येऊन गेले. फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांचं छोटं लॉज आहे. ह्यांनी त्यांना पिशवीभर बाटल्या दिल्या. फ्रिजमधूनच दिल्या."

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी फर्दापूरच्या ठाण्याला फोन केला आणि लॉजचे नाव सांगितले. एवढेच म्हणालो, "तपकिरी बाटल्या. कुणालाही एक घोट घेऊ देऊ नका. बाकीचं नंतर सांगतो."

मग वाट पाहणे. पोलिसाच्या नोकरीत धावपळीचा त्रास होत नाही. त्रास होतो तो हातात फोन धरून उभे राहण्याचा. शंभर किलोमीटरवर कुणी अनोळखी माणूस उन्हातून आलेला, तहानलेला, बाटलीचे झाकण उघडतो आहे आणि मी इथे स्वयंपाकघरात उभा. पिंपातले बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. ती बाई भिंतीला टेकून मनात काहीतरी पुटपुटत होती. महिला हवालदारांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मी त्यांना टोकले नाही.

फोन वाजला. तिकडचा हवालदार धापा टाकत होता.

"साहेब, घावल्या बाटल्या. टेबलावर बर्फात ठिवल्या व्हत्या. दोन फोडल्या, त्या चांगल्या निघाल्या. तिसरी ग्लासात वतलेली, फेसच न्हाई. पाहुण्यानं ग्लास उचललेला, अन् लॉजवाला म्हणतोय, कडूच असती, प्या बिनधास्त! मी हातातनंच हिसकला. पाहुणा लई चिडलाय माझ्यावर."

"चिडू दे," मी म्हणालो. "ग्लास आणि बाटल्या जप्त करा. हात लागू देऊ नका, भाजेल."

मी फोन ठेवला आणि खुर्ची ओढून बसलो. ती बाई जमिनीवर बसून मोठ्याने रडत होती. दवाखान्यात डॉक्टरांना द्रव्य काय ते कळवले. कॉस्टिकचीच शंका धरून उपचार चालले होते, ते बरोबर ठरले.

नवऱ्याचा जबाब काही दिवसांनी घेता आला. आवाज घोगरा, कुजबुजल्यासारखा. त्याने सांगितले की बाटल्या आपणच आवरून फ्रिजमध्ये ठेवल्या, बिअरने भरलेल्या समजून. मित्राला निरोप देऊन उन्हातून आत आलो होतो, ग्लास न घेता बाटलीच तोंडाला लावली. "पहिला घोट जळजळला, पण वाटलं, हॉप्स जास्त पडलेत. म्हणून दुसराही घेतला." जबाब संपल्यावर त्याने थोरल्या भावाला जवळ बोलावले आणि त्याचा हात बायकोच्या हातात दिला. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "पोरी, माझ्या तोंडाला काय बी धरबंद न्हाई." तिने त्याला पाणी दिले.

खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झालाच नाही. पण विनापरवाना बिअर बनवल्याचा गुन्हा दारूबंदी कायद्याखाली दाखल झाला. पिंपे, पातेली, हॉप्सची पाकिटे, सगळा मुद्देमाल पंचांसमक्ष सीलबंद झाला. पुढे कोर्टात दोघांनी कबूल केले, दंड भरला. त्याची नोकरी गेली, तिची राहिली.

दंड भरल्या दिवशी कोर्टाच्या आवारात ती मला भेटली. नमस्कार केला आणि विचारले, "साहेब, मी दवाखान्यातच खरं सांगितलं असतं, तर तुम्ही गुन्हा दाखल केला नसता का?"

मला खोटे बोलता आले असते. मी म्हणालो, "केला असता."

तिने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला आधीपासून माहीत होते, आणि नवऱ्याच्या मागे रिक्षाकडे निघून गेली.

त्या उत्तराने मला बरेच शिकवले. गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असतो, असे आम्ही धरून चालतो. पण पुष्कळ वेळा तो मनात हिशेब मांडत असतो की खरे बोलल्याची किंमत काय पडेल, आणि तोवर दुसरीकडे कुणीतरी ग्लास उचलत असतो. त्यानंतर उरलेल्या नोकरीत, समोर बसलेल्याला 'कुणी केलं' हे मी पहिल्यांदा कधीच विचारले नाही. पहिला प्रश्न एकच असायचा: "आत्ता, या घडीला, अजून कुणाच्या जिवाला धोका आहे का? तेवढं आधी सांगा. तुमचं काय होणार, ते मी नंतर खरं खरं सांगतो." पुष्कळांनी तेवढ्यावर तोंड उघडले.