तीनशे बारा पायऱ्या

काकांनी आमची बेल कधीच वाजवली नाही. पंधरा वर्षं वेस्ट विंडसरला समोरासमोर राहिलो, पण एकदाही नाही. काही काम असलं की ते आमच्या ड्राइव्हवेवर येऊन उभे राहायचे, हात मागे बांधून, गराजच्या दाराकडे बघत. कुणीतरी आपसूक बाहेर येईल अशी वाट पाहायचे, अगदी बर्फात सुद्धा. माझी मुलगी खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "आई, काका इज आउटसाइड अगेन." मग मी बूट शोधत धावायची.

"अहो काका, बेल आहे ना."

"असू दे गं. कुणी झोपलेलं असेल, कुणी कॉलवर असेल. तुला त्रास नाही ना?"

तुमच्याही आसपास असा एखादा माणूस असेल. दुसऱ्याला त्रास नको म्हणून इतका जपणारा, की त्या जपण्याचाच आपल्याला ताप होतो. खरं सांगते, माझं डोकं सणकायचं. थंडीत लाल झालेलं त्यांचं नाक बघितलं की आधी राग यायचा, मग चहा टाकायची.

काका पुलांचे इंजिनियर. तरुणपणी पुण्याहून अमेरिकेत आले, जन्मभर इथल्या सरकारी खात्यात नोकरी केली आणि रिटायर झाले. माझ्याकडे यायचे ते बहुतेक वेळा प्रिंट काढायला. त्यांचा स्वतःचा प्रिंटर होता, पण त्यातून निघालेल्या कागदावर आडव्या पांढऱ्या रेघा यायच्या. नवा घ्या म्हटलं तर म्हणायचे, "चालतोय की अजून."

हे प्रिंट असायचे ग्रीसचे. एका बेटाचे, आणि त्या बेटावरच्या एका गावाचे, जिथे मुद्दाम कुणी जात नाही.

त्याचं असं झालं. काकू एका लॅबमध्ये नोकरीला होत्या. शेजारच्या टेबलावर एक ग्रीक बाई बसायची. वीस वर्षं दोघींनी डबे वाटून खाल्ले. ती टोमॅटोची भजी आणायची, काकू थालीपीठ न्यायच्या. रिटायर झालो की दोघी मिळून माझ्या गावी जाऊ, असं ती म्हणायची. रिटायर व्हायच्या आधीच ती कॅन्सरने गेली. तेव्हापासून काकूंनी एकच धरलं होतं: तिच्या गावच्या चौकात बसायचं आणि तिथली भजी खायची. या बाईने नवऱ्याकडे कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. आयसेलिनच्या देशी बाजारात एवढी साड्यांची दुकानं, पण काकू कोथिंबीर आणि कढीपत्ता घेऊन घरी. मागितलं ते एवढंच.

"त्यात काय, जाऊ की," काका म्हणाले. "फक्त आधी सगळं नीट बघू."

आणि काका सहा वर्षं बघत राहिले.

त्यांची एक निळी फाइल होती. कोणत्या महिन्यात वारा किती, फेरीबोट किती वाजता, दवाखाना कुठे, सगळं त्यात. आणि पहिल्याच पानावर, लाल शाईत: तीनशे बारा पायऱ्या. लायब्ररीच्या सेलमधून त्यांनी एक जुनं गाइडबुक आणलं होतं. बंदरापासून गावापर्यंत तीनशे बारा दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, असं त्यात लिहिलेलं. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले. सगळं घोडं तिथे अडलं.

मग सराव सुरू झाला. दर रविवारी सकाळी, स्टेशनवर गर्दी नसते तेव्हा, काका काकूंना घेऊन तिथल्या जिन्यावर जायचे. काकू कठडा धरून चढायच्या, काका मागून मोजायचे. एकदा मी भाजी घेऊन येताना थांबले होते.

"अहो, मी चढेन हो," काकू म्हणत होत्या. "दमले तर मध्येच बसेन. कुणी हाकलणार आहे का?"

"मध्ये सावली आहे की नाही ते कळलेलं नाही."

"छत्री घेऊ."

"वारा असतो तिथे."

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिचकावले. "याच माणसाने पूल बांधले," म्हणाल्या. "पलीकडे कोण कसं पोचलं देव जाणे."

त्यानंतर एकदा मीच काकांना नकाशाचा प्रिंट काढून दिला. त्यात गावाच्या मागच्या बाजूने एक बारीक करडी रेघ येत होती. मी म्हटलं, "काका, हा रस्ता दिसतोय. गाडी जात असेल."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद जवळ धरला. "ही खाजगी वाट आहे. बघ, थेट कुणाच्या तरी अंगणात संपतेय. आपण कशाला कुणाच्या अंगणातून जायचं?"

"फोन करून विचारू या का? तिथे राहायच्या खोल्या आहेत, त्यांचा नंबर असेल."

"नको नको. सीझनमध्ये त्यांची धावपळ असते. उगाच कशाला त्रास."

मीही म्हटलं, बरं. माझी मीटिंग होती. फोनला पाच मिनिटं लागली असती, आणि मी तो केला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा दोष काकांवर जाणार नाही.

एक गुडघा बदलला, वर्ष गेलं. दुसरा बदलला, आणखी एक वर्ष. शेवटी काकूंनी हट्टच धरला आणि सप्टेंबरचं बुकिंग झालं, ऑनलाइन, कुणाशी न बोलता. काकूंनी बॅग जुलैमध्येच भरून ठेवली. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्या सिंकपाशी उभ्या असताना कोसळल्या. हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतही पोचल्या नाहीत.

बाराव्यानंतर काका ड्राइव्हवेवर येऊन उभे राहिले. हातात फाइल.

"त्या लोकांना कळवायला हवं. खोली अडकून राहील. माझ्याने बोलवणार नाही. तू करशील फोन? तुला त्रास नाही ना?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते माझ्यासमोर बसले आणि मी फोन लावला. पलीकडे एक बाई होती, प्रेमळ आवाजाची. मी काकूंचं सांगितलं, तशी ती हळहळली. मग म्हणाली, माझा भाऊ त्यांना घ्यायला बंदरावर येणारच होता. मी पायऱ्यांचं विचारलं. ती म्हणाली, पायऱ्या कोण चढतं आता, मागून रस्ता आहे, आमच्या अंगणापर्यंत गाडी येते, कितीतरी वर्षं झाली.

मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"खोली कॅन्सल केली. फार वाईट वाटलं म्हणाली."

"पायऱ्यांचं काही बोलली?"

त्यांचा हात फाइलवर होता. नखं वाढलेली. काकू त्यांना आठवण करून द्यायच्या नखांची.

"खूप आहेत म्हणाली. बऱ्याच जणांना जमत नाही."

काकांनी मोठा श्वास सोडला. "बघ. तिला जमलं नसतं."

"नसतंच जमलं, काका."

पुढची दोन वर्षं मी ते खोटं सांभाळलं. मराठी मंडळात कुणी विषय काढला की काका सांगायचे, "तीनशे बारा पायऱ्या हो. तिला जमलं नसतं." आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची. दर वेळी वाटायचं, या माणसाला जगायला एवढा आधार तरी असू दे.

मग त्यांचा मुलगा येऊन त्यांना देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला, आपल्या घरी घेऊन गेला. निघायच्या दिवशी ते ड्राइव्हवेवर उभे होते. फाइल माझ्या हातात दिली. "तू जा कधीतरी. सगळं नीट बघून ठेवलंय." मी ती कपाटात वर टाकली. उघडायची छाती झाली नाही.

या फेब्रुवारीत मुलाचा फोन आला. काका झोपेतच गेले. घरात कुणालाही न उठवता. हे ऐकून मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

त्या संध्याकाळी फाइल काढली. वारे, बोटी, दवाखाना. सगळ्यात मागे एक ईमेल घडी करून ठेवलेली होती. त्या खोलीवाल्या बाईची. तारीख मी फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवसाची. तिने लिहिलं होतं: तुमच्या पत्नीबद्दल ऐकून वाईट वाटलं. तुमच्या शेजारणीला फोनवर सांगितलंच आहे, तरी तुम्हालाही कळवते, कधी यावंसं वाटलं तर पायऱ्यांची काळजी करू नका. माझा भाऊ गाडीने थेट दारापाशी सोडेल.

कागदावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या. ग्रीसचा एवढा एकच कागद त्यांनी माझ्याकडे प्रिंट करायला आणला नव्हता.